विहीर एक, टाक्या चार

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा मैत्रिणींनी पटापट आपापले विषय सांगून टाकले. कुणी जंजिऱ्यावर लिहिणार होती, कुणी दिवेआगरच्या किनाऱ्यावर, कुणी पहिल्या पावसावर. माझी पाळी आली. मी म्हणाले, “सर, मी संडासाच्या टाकीवर लिहिणार आहे.” वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. “लिही,” ते म्हणाले, “पण नाकाला रुमाल न लावता लिही.” तसा प्रयत्न मी केला आहे. वाचकांनीही थोडा वेळ रुमाल खिशात ठेवावा, एवढीच विनंती.

मी दिघीची. राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावरचे आमचे गाव. धक्क्यावर उभे राहिले की समोर आगरदांडा दिसतो, मोटारी नेणारी फेरीबोट ये-जा करताना दिसते आणि खाडीच्या मुखाशी जंजिरा दिसतो. त्या किल्ल्यात, चहूबाजूंनी खारे पाणी असताना, गोड्या पाण्याचे तळे आहे. पाहुणे ते पाहून नवल करतात. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना त्याचे नवल वाटत नाही, पण किंमत कळते. समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाजवळ पाणी पुष्कळ आणि पिण्याजोगे थोडे. तेव्हा विहिरीशी पायातली वहाण काढणारी आमच्याकडची म्हातारी माणसे वेडी नव्हेत. मात्र त्याच विहिरीपासून दहा-बारा पावलांवर आपण जमिनीखाली काय सोडतो, हा विचार आम्ही अजून केलेला नाही.

माझे आजोळ याच खाडीच्या काठचे. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट बदलणार नाही. मामाच्या आळीत उतारावर चार घरे आहेत, भिंतीला भिंत लागून. वरच्या अंगाला विहीर एक. खालच्या अंगाला रस्ता, आणि त्याच्या पलीकडे खाडी. चारांपैकी तीन घरे आमच्यातली आणि एक घर चाचांचे. माझी आई लहान असताना बायका दिवेलागणीनंतर टमरेल घेऊन खाडीकडे जात. भरती असली की थांबत. पावसाळ्यात तर हाल कुत्रा खाईना. त्यामुळे आळीत संडास आले याचा आनंद मी कमी लेखणार नाही. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, घरटी बारा हजार रुपयांचे साहाय्य मिळू लागले आणि चारही घरांच्या मागे एकेक पत्र्याचे दार दिसू लागले. आजी म्हणाली, “आता मरेपर्यंत अंधाराची वाट बघायला नको.” या एका वाक्यापुढे पुष्कळशी भाषणे फिकी पडतील.

पण दार झाले तरी दाराखालचे काय? घराच्या मागे जेवढी जागा तेवढ्यात खड्डा. मामाच्या खड्ड्यापासून विहिरीच्या काठापर्यंत मी पावले मोजली. अकरा भरली. शेजारच्यांची चौदा. एका श्रावणात माझ्या मामेबहिणीला कावीळ झाली. ती विहिरीमुळेच झाली असे मी म्हणणार नाही. कावीळ दहा वाटांनी येते. परंतु त्या दिवसापासून मामी पाणी उकळून पिते आणि विहिरीत वाकून पाहण्याची तिची जुनी सवय सुटली आहे.

येथे थोडी रुक्ष माहिती देणे भाग आहे. सेप्टिक टाकी म्हणजे मैला नाहीसा करणारी जादूची पेटी, असा आपला समज असतो. तसे नसते. टाकीत वर साय धरते, तळाशी गाळ बसतो आणि मधले पाणी बाहेर पडते. ते पाणी दिसायला निवळलेले असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. त्याची खरी गाळणी टाकीत नसून बाहेरच्या मातीत असते. शोषखड्ड्यातून पाझरता पाझरता माती ते पाणी शुद्ध करते, पण तिला त्यासाठी अंतर लागते. म्हणून भारतीय मानकाने सांगितले आहे की शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून निदान ६ मीटर दूर असावा. अठरा मीटर म्हणजे साठ फूट. आमच्या जमिनीत तर कुठे जांभा, कुठे फुटका कातळ आणि काठाला पुळण. पाऊस लागला की पाणी वरून घातले ते खालून निघते. तिथे साठ फूटसुद्धा चैन नव्हे, गरजच आहे. आता मला सांगा, गावठाणात भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाने आपल्या हद्दीत साठ फूट आणायचे कोठून?

आळीतल्या चार घरांनी यावर एक साधा उपाय काढला. संडास ज्याचा त्याच्या घरात. टाकी मात्र चौघांत मिळून एक. जागा चाचांच्या परसाच्या टोकाला, खाली रस्त्याच्या कडेला. विहिरीपासून ती अंतरावर. उतार असल्यामुळे पाणी आपोआप जाणार. पुढे निचऱ्यासाठी लांब चर आणि चरावर केळी. चार लहान टाक्यांपेक्षा दोन कप्प्यांची एक मोठी टाकी खर्चालाही हलकी आणि कामालाही बरी.

हे सहज ठरले असे मात्र नव्हे. आजीचाच पहिला विरोध. “त्यांचा नि आपला एका टाकीत? मेल्यावर देवाला काय सांगू?” त्यावर चाचीने ओट्यावरूनच उत्तर दिले, “अहो वहिनी, विहीर चाळीस वर्षं एकच आहे ना? वरून घेताना चालतं, मग खाली सोडताना का नाही?” आजी थोडा वेळ गप्प बसली, मग स्वतःच हसू लागली. आळीतले सर्वांत अवघड कलम असे मंजूर झाले.

नामंजूर झाले ते पुढे, कागदावर. मामा अर्ज घेऊन गेला. ते कार्यालय कोणते आणि तिथला कारकून कोण, हे मी लिहिणार नाही. माणूस वाईट नव्हता. त्याने मामाला चहाही पाजला. पण अर्ज त्याने परत दिला. अर्जात घर क्रमांक एक, अर्जदार एक, टाकी एक. “चार घर क्रमांकांना मिळून एक टाकी, असा रकानाच नाही,” तो म्हणाला. “घरटी संडासाचा अर्ज आहे, सार्वजनिक शौचालयाचाही आहे. तुमचं हे ना धड खाजगी, ना सार्वजनिक. चौघं चार वेगवेगळे अर्ज द्या, काही अडचण येणार नाही.”

म्हणजे पाहा! विहिरीलगतच्या चार चुकीच्या टाक्या बिनतक्रार होऊ शकत होत्या आणि विहिरीपासून दूरची एक बरोबर टाकी होऊ शकत नव्हती. या गोष्टीला दोन पावसाळे उलटून गेले.

मी रागाच्या भरात त्या कारकुनाला नावे ठेवली, तेव्हा मामा म्हणाला, “त्याचं सगळंच चुकलं नाही गं. उद्या टाकी तुंबली तर त्याने कुणाला नोटीस द्यायची?” मला हे आधी पटले नाही, विचार करता पटले. सामाईक वस्तूचे आपल्याकडे काय होते ते आपण पाहतोच. सामाईक बांध, सामाईक जिना, सामाईक पंप. सर्वांचे ते कुणाचेच नाही. एक घर विकले गेले तर नवा मालक करार मानील काय? दोन भाऊ वेगळे झाले तर वर्गणी कोण देईल? एकाने शनिवार-रविवारी पर्यटक ठेवण्यासाठी तीन खोल्या बांधल्या, तर त्यांचा भार बाकीच्या तिघांनी का सोसावा? किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावाला हा शेवटचा प्रश्न आज लागू आहे. तेव्हा मंजुरी देणाऱ्याने विचारावे हे योग्यच. माझी तक्रार एवढीच, की प्रश्न विचारून उत्तर ऐकण्यापूर्वीच अर्ज परत केला जातो.

याची उत्तरे अवघड नाहीत. चारही घरांनी नोंदणीकृत करार करावा आणि तो घराबरोबर पुढच्या मालकाकडे जावा. टाकीच्या जागेवर जाण्यायेण्याचा हक्क चौघांना लिहून मिळावा. वर्गणी तोंडी न ठेवता घरपट्टीबरोबर भरली जावी. कुणी खोल्या वाढवल्या तर टाकी पुरते की नाही ते आधी तपासावे. आणि ग्रामपंचायतीने दप्तरात नोंद ठेवून ठरलेल्या वर्षी टाकी उपसली गेली की नाही ते पाहावे. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, २०११ आणि २०१९ साली ते नव्याने आले. त्यांचाही दाखला घ्यावा, कारण शुद्ध न केलेले सांडपाणी खाडीत सोडणे हा कुणाचाच हक्क नाही. एवढे सारे पाळायला मामाची आळी तयार आहे. तयार नाही तो फक्त रकाना.

काही जण म्हणतील, हे ग्रामपंचायतीच्या हाती कुठे आहे? वरून जसा नमुना येतो तसा ती भरते. पण १९९२ सालच्या ७३व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आणली आणि त्यातील २९ विषयांत आरोग्य व स्वच्छता हाही विषय घातला. नमुन्यात रकाना नसेल तर ग्रामसभेने ठराव करून वर पाठवावा, रकाना मागावा. गावाला अधिकार मिळाला तो केवळ वरचे कागद खाली आणि खालचे कागद वर करण्यासाठी नव्हे.

अधिकाराचा वेळेवर उपयोग झाला तर काय होते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली आणि ६१६ माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती गोळा झालेली दिसली. त्यांच्या सांगण्यावरून तेथील स्थानिक मंडळाने ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकला. पुढच्या वर्षी खणून पाहिले तेव्हा शेजारच्या ४० नंबरच्या घराचा मैल्याचा खड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर निघाला आणि त्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या होत्या. घर एकाचे, खड्डा एकाचा, पण विहीर साऱ्या वस्तीची. खड्डा आपापल्या हद्दीत असला म्हणजे आपापलाच राहतो, हा समज तेथे खोटा ठरला. आमच्या मामाकडे तो अकरा पावलांवर आहे.

आणि ठराव नुसताच कागदावर राहिला तर काय होते, हे पाहायला लंडनला जायला नको. आपल्याच जिल्ह्यातले महाड पुरे. तेव्हा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ सालचे. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. पण तळ्यावर जाण्याची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपलाच ठराव मागे घेतला. तळ्याभोवतीच्या लोकांनी हे तळे आमच्या खाजगी मालकीचे म्हणून न्यायालयात धाव घेतली, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. त्या लढ्याची आणि आमच्या आळीच्या अर्जाची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. तो माणुसकीच्या हक्काचा लढा होता. पण पाण्याकाठच्या घरांचे आणि स्थानिक सत्तेचे नाते कसे असते, हे त्यातून मी शिकले. ‘आमच्या घराशेजारचे ते आमचे’ हा दावा जुना आहे, आणि तो मोडायला कागद व माणसे दोन्ही लागतात. महाडला कागद होता, तो राबवणारे नव्हते. मामाच्या आळीत माणसे तयार आहेत, कागद नाही.

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टाकी कधीतरी भरणारच. भरली की उपसणार कोण? आळीतल्या बोळातून बैलगाडीसुद्धा जात नाही, तिथे उपसणाऱ्या यंत्राची गाडी कशी जाणार? म्हणजे घरामागच्या चार टाक्यांत कधी ना कधी माणूसच उतरवला जाणार, आणि तो कोणत्या वस्तीतून बोलावला जाईल हे सांगायला नको. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात वा टाकीत मरणाऱ्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्यास सांगितले, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते याचाच अर्थ मरणे थांबलेली नाहीत. आपल्या कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले होते, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत होईल व कुणाला तो डोक्यावर वाहावा लागणार नाही असा संडास सिद्ध करण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या कोकणात आपण आज टाकी कोठे बांधतो, याला म्हणूनच अर्थ आहे. रस्त्याकडेची एक टाकी यंत्राने उपसता येते. बोळातल्या चार टाक्यांसाठी माणूस लागतो. परवानगी देताना हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ निर्णय बदलतील.

उपसलेला गाळ जातो कुठे, हाही प्रश्न आहेच. तो रात्री खाडीत ओतायचा असेल तर विहीर वाचली आणि कोळंबी बुडाली, एवढेच होईल. पण आपल्याच राज्यात वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास गावातील टाक्या तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि त्या गाळासाठी प्रक्रिया केंद्रे उभारली. भरून वाहू लागेपर्यंत वाट पाहायची नाही; पाळी आली की गाडी येते. एकट्या खेड्याला हे झेपणार नाही, पण श्रीवर्धन तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या पाच-सहा गावांनी मिळून का झेपू नये? चार घरांनी मिळून टाकी करावी, तशी चार गावांनी मिळून गाडी करावी. तत्त्व एकच आहे.

आपल्या महाराष्ट्राला स्वच्छतेची शिकवण नवी नाही. गाडगेबाबांनी दिवसा खराटा हाती घेतला आणि रात्री कीर्तनात तेच सांगितले. त्यांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, गावोगाव बक्षिसांचे फलक लागले. पण खराट्याने जमिनीवरचे झाडले जाते. जमिनीखालचे झाडायला शेजाऱ्याशी बोलावे लागते, त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो आणि तो विश्वास कागदावर लिहून ठेवावा लागतो. हे खराटा धरण्यापेक्षा अवघड आहे, हे मामाच्या आळीने मला शिकवले.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपण कलाशाखेचे. टाकी बांधणे आपले काम नाही, असे तुम्ही म्हणाल. पण अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदारयादीत नाव आले की आपण ग्रामसभेचे सभासद असतो, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात आहे? सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. आपल्या विहिरीपासून जवळच्या शोषखड्ड्यापर्यंत पावले मोजा. चोवीसाच्या आत भरली तर शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसा आणि बोला. गुरुजनांनाही एक विनंती आहे. राज्यशास्त्राच्या तासाला पंचायत राज शिकवताना एकदा तरी आम्हाला खरा अर्ज आणून दाखवा. त्यातला कोणता रकाना कमी आहे ते आम्ही शोधून काढू.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मामा तो अर्ज पुन्हा मांडणार आहे. या वेळी त्याला कराराचा मसुदा, जागेचा नकाशा आणि चारही घरांच्या सह्या जोडल्या आहेत. आजीला सही येत नाही. तिने अंगठा दिला आहे. तो देताना म्हणाली, “आता तरी लवकर होऊ दे बाय. पोरांनी पुन्हा विहिरीचं पाणी न उकळता प्यालेलं बघायचं आहे मला.”

(तृतीय वर्ष, कला)